टाळी लागेपर्यंत

हलगेकर मॅडमना कम्प्युटर येत नसे, आणि ही गोष्ट त्या कुणी विचारायच्या आतच सांगून टाकत. त्यात लाज नसे. "आमच्यात कांदा चालत नाही" असं एखादी बाई पंगतीत ज्या सुरात सांगते, तो सूर. अशा बाईनं आमच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या पोरांकडून पेशी कशा वागतात ते कम्प्युटरवर करून दाखवायचे प्रकल्प सहा वर्षं चालवले. आणि मला कम्प्युटर येतो म्हणून कॉलेजनं नोकरीला ठेवलेलं असताना, त्या सहा वर्षांतला बराच काळ मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसून चवळी निवडली.

मी मूळचा बोरगावचा. बेळगावात नुकताच आलो होतो. कॉलेजच्या कम्प्युटर लॅबमध्ये बंद पडलेली यंत्रं एका बाजूला आणि चालणारी दुसऱ्या बाजूला अशी वाटणी करत होतो, तेवढ्यात दारात एक बुटकी बाई येऊन उभी राहिली. सुती साडी, खांद्याला पिशवी, पिशवीतून डोकावणारी मेथीची जुडी आणि डोक्यावर हेल्मेट. हेल्मेट काढायला त्या नेहमीच विसरत. वर्गात गेल्यावर पहिल्या बाकावरची कुणीतरी पोरगी आठवण करून देई, मग शिकवणं सुरू होई.

"चौगुले सर तुम्हीच काय?"

"व्हय."

"एक सांगा. तुमच्या कम्प्युटरात एका घरात ठिपका ठेवला, तर बाजूच्या घरात कोण हाय ते त्या ठिपक्याला कळतंय काय?"

मी जरा विचार करून म्हटलं, "आपण सांगितलं तर कळतंय."

"आणि बाजूचं घर मोकळं असंल तर तिकडं सरकतोय?"

"सांगितलं तर सरकतोय."

"मग झालं की! पेशीलाबी एवढंच कळतंय." असं म्हणून त्यांनी मेथीची जुडी माझ्या टेबलावर ठेवली आणि निघून गेल्या. मी एकटा राहणारा माणूस. त्या जुडीचं काय करायचं हे मला माहीत नव्हतं, आणि पेशींचं काय करायचं हेही नव्हतं. दुसऱ्या दिवशी मात्र मी त्यांच्या खोली नंबर बारामध्ये हजर झालो.

खोली नंबर बारा म्हणजे प्राणिशास्त्राची जुनी प्रयोगशाळा. तिथली चौकोनी फरशी हेच मॅडमचं पहिलं यंत्र. त्यांच्याकडे स्टीलचा एक मोठा डबा होता. एका कप्प्यात चवळी, एका कप्प्यात हरभरे. चवळी म्हणजे जिवंत पेशी, हरभरा म्हणजे मेलेली. एका फरशीवर एक दाणा. पोरांनी गुडघ्यावर बसायचं, नियम म्हणायचा आणि दाणे सरकवायचे. "चारी बाजूनं कोंडली? मग वाढायचं न्हाय. बाजूला जागा हाय? मग दोन व्हायचं." असा तासभर खेळ चाले. फरशीवर नियम पटला तरच तो कम्प्युटरवर लिहायची परवानगी. लाइट गेली तर आमच्या लॅबचं काम थांबे, बारा नंबरचं थांबत नसे.

आणि प्रयोग संपला की डबा हिंडलग्याला मॅडमच्या घरी जाई. दुसऱ्या दिवशी सगळ्या पेशींची उसळ होऊन परत येई. आमच्या प्रत्येक प्रकल्पाचा शेवट चपाती-उसळीनं झालेला आहे. जिवंत आणि मेलेल्या एकाच फोडणीत असत. पोरं चवीनं खात आणि मीही खाई.

त्यांचं चरित्र मला सांगता येणार नाही. विचारलं तर म्हणत, "माझं काय हाय? हिंडलग्याला घर, घराच्या मागं भाताचा तुकडा, आणि पुढं ही पोरं." भाताच्या रोपलावणीच्या दोन दिवसांत त्या हक्कानं रजा घेत आणि तिसऱ्या दिवशी नखांत चिखल घेऊन वर्गात उभ्या राहत. पोरांचं उत्तर बरोबर आलं तरी त्या "बरोबर" म्हणत नसत. "बघूया की" म्हणत. चुकीचं आलं तरी "बघूया की." त्यामुळे पोरांना आपलं उत्तर स्वतःच तपासायची खोड लागली, आणि ती खोड मला वाटतं अजून गेलेली नसेल.

पेशीचं पटल शिकवताना त्या म्हणत, "पटल म्हणजे काय? कोगनोळीचा नाका. साखर आली? ये बाई. पाणी आलं? ये. हा कोण? ह्याला बाजूला घ्या." कोगनोळीचा नाका महाराष्ट्र-कर्नाटकाच्या सीमेवरचा, आणि आमच्या भागात सीमा हा शब्द निघाला की माणसं एकदम आवाज चढवून बोलू लागतात. मॅडमच्या तासाला मात्र निपाणीकडची पोरं, खानापूरकडची पोरं, घरात कन्नड बोलणारी पोरं, सगळी सीमेवर हसत.

पण मॅडमना एका गोष्टीचा राग होता. ती गोष्ट म्हणजे जर्नल.

जे विज्ञान शिकले त्यांना जर्नल सांगायला नको. प्रयोगाची वही. मागच्या वर्षीच्या पोराचं जर्नल आणायचं, त्यावरून उतरवायचं, सही घ्यायची आणि पुढच्या वर्षीच्या पोराला द्यायचं. एकदा मॅडम बेडकाची चित्रं तपासत होत्या. बेडकाच्या पुढच्या पायाला चार बोटं असतात. आमच्या कॉलेजच्या बेडकाला पाच होती. एका वहीत नव्हे, सगळ्या वह्यांत. दुसरा कुणी असता तर लाल शाईनं काट मारून मोकळा झाला असता. मॅडमनी कपाटातली जुनी जर्नलं बाहेर काढली आणि पाचव्या बोटाचा माग काढत मागे मागे निघाल्या. ह्यानं त्याचं उतरवलं, त्यानं तिचं, तिनं आणि कुणाचं. वर्षं मागे पडत गेली, कागद पिवळे होत गेले, बोट काही जाईना. शेवटी एका जर्नलात ते पहिल्यांदा सापडलं. त्याच्या आधीच्या बेडकाला चार बोटं होती. मुखपृष्ठावर नाव होतं संजय, मुक्काम निपाणी.

संजयचं आता निपाणीत औषधांचं दुकान आहे. मॅडमनी त्याला फोन केला, "कॉलेजात ये, तुझ्या एका कामाची आठवण अजून हाय हितं." त्याला वाटलं, माजी विद्यार्थी म्हणून सत्कार आहे. बिचारा इस्त्रीचा शर्ट घालून, पेढ्यांचा डबा घेऊन आला. मॅडमनी पेढे घेतले, पोरांना वाटले, आणि त्याच्या हातात पेन्सिल दिली.

"बस आणि काढ बेडूक. बोटं मोजून."

संजय आधी लाजला, मग पोट धरून हसला, आणि चाळिशीतल्या त्या गृहस्थानं बाकावर बसून अर्धा तास खपून बेडूक काढला. मॅडमनी तो फ्रेम करून बारा नंबरच्या भिंतीवर लावला. मग पोरांकडे वळून म्हणाल्या, "बघितलासा? पेशीतबी असंच होतंय. एकीकडं चूक झाली की पुढच्या सगळ्या तीच उतरवत बसत्यात. फरक एवढाच, की पेशीला पेढे आणता येत न्हाईत."

संजय गेल्यावर मला त्या म्हणाल्या, "सर, ह्यात हसायचं काय न्हाय. एवढ्या वर्षांत एकाबी पोरानं बेडकाकडं बघितलं न्हाय. वहीकडंच बघितलं." त्यांचा चेहरा उतरला होता. प्रकल्पांच्या मागे त्या हात धुऊन का लागल्या होत्या ते मला त्या दिवशी कळलं. प्रकल्प उतरवता येत नाही. त्याचं मागच्या वर्षीचं जर्नल नसतं.

मग त्यांचं शेवटचं वर्ष आलं. मे महिन्यात मॅडम निवृत्त होणार होत्या, आणि आमच्या प्राचार्यांना परीक्षेच्या उत्तरपत्रिका ठेवायला खोली हवी होती. प्राचार्य माणूस वाईट नव्हते, पण त्यांना कुलूप लावता येईल अशी कुठलीही खोली आवडे. त्यांनी सांगितलं, "मॅडम, यंदाचा प्रकल्प धारवाडच्या परीक्षकांना दाखवू. त्यांनी ठेवा म्हटलं तर बारा नंबर ठेवू. नाहीतर तुमच्यामागं ते चालवणार कोण?"

मॅडम "बघूया की" म्हणाल्या नाहीत. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "खोली गेली तर जाऊ दे हो. पण पोरं परत उतरवायला लागतील."

शेवटच्या प्रकल्पाला त्यांनी दोघं निवडली. वडगावची वैशाली, जिच्या घरात खालच्या खोलीत सतत खडखडणारा विणकामाचा माग आणि वरच्या खोलीत अभ्यास. त्यामुळे ती एकतर अजिबात बोलत नसे किंवा एकदम मोठ्यानं बोले. आणि नंदगडचा मल्लू, भातवाल्यांच्या घरातला, ज्याला दिसेल ते वहीत टिपून ठेवायची सवय होती. मॅडमच्या एका जुन्या विद्यार्थिनीनं तिच्या प्रयोगशाळेतले फोटो पाठवले होते. काचेच्या बशीत कातडीच्या पेशींचा एकसलग थर. त्याच्या मधोमध एक ओरखडा काढलेला, म्हणजे जखमच. दर तासाला एक फोटो. दोन्ही काठांवरच्या पेशी सरकत सरकत येतात आणि दिवसभरात ओरखडा भरून जातो. हे कम्प्युटरवर घडवायचं. प्रत्येक ठिपक्याला नियम द्यायचे आणि बघायचं, आपली जखम त्या फोटोंसारखी भरते का.

मॅडमची एक अट सगळ्या प्रकल्पांना असे. घरातल्या एका माणसाला आपला प्रकल्प समजावून सांगायचा आणि त्याचा एक प्रश्न लिहून आणायचा. वैशालीनं मागाच्या खडखडाटात वडिलांना ओरडून ओरडून सांगितलं. त्यांनी माग न थांबवता विचारलं, "धागा तुटला तर मी जोडतोय. तितं जोडणारा कोण?" मल्लूनं आईला गोठ्यात गाठलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सरकत्यात ते कळलं. पण आता बास, थांबा, असं त्यास्नी कोण सांगतंय?"

मॅडमनी दोन्ही प्रश्न फळ्यावर लिहिले आणि खाली लिहिलं, "पुसू नये."

एवढ्या पेशींचा खेळ फरशीवर मावेना, म्हणून मॅडम सगळा वर्ग घेऊन मैदानात उतरल्या. शिपायानं फक्कीनं चौकोन आखून दिले. वर्गाचे दोन भाग केले, मध्ये पाच रांगा मोकळ्या ठेवल्या. ती जखम. मॅडम गच्चीवर हेल्मेटसकट उभ्या, माझ्या हातात शिट्टी, मल्लूच्या हातात मोबाइलचा कॅमेरा. नियम सोपा: शिट्टी वाजली की पुढचं घर मोकळं आहे का बघायचं, वाटलं तर एक पाऊल टाकायचं. कधी वाटतं, कधी नाही, ते मल्लू मोजणार आणि त्यावरून कम्प्युटरचे नियम लिहिणार. पोरांनी मनापासून पेशीकाम केलं. एकानं तर मेलेली पेशी व्हायचं ठरवून ऊन खात आडवं पडून घेतलं.

मल्लूनं व्हिडिओ चार दिवस बघितला, कोण कधी सरकला, कधी थांबला ते सगळं मोजलं. वैशालीनं प्रोग्रॅम लिहिला. बटण दाबलं. दोन्ही काठ छान सरकत आले, जखम भरत आली, आणि मधोमध एक रांग मोकळी ठेवून सगळ्या पेशी थांबल्या.

परत चालवलं. परत एक रांग मोकळी. शंभरदा चालवलं तरी ती रांग भरेना. फोटोतल्या पेशी तर एकमेकींना चिकटून बसलेल्या. पोरांचा संशय आधी माझ्यावर आला, आणि खरं सांगायचं तर माझाही माझ्यावरच आला. पंधरा दिवस मी वैशालीच्या प्रोग्रॅमची ओळ न् ओळ तपासली. मॅडम शेजारी स्टुलावर बसून प्रत्येक ओळीला विचारत, "हे का?" त्यांना कळेपर्यंत सांगावं लागे, आणि त्यांना सांगता सांगता आम्हाला कळे. चूक मात्र सापडेना. परीक्षक यायला तीन आठवडे राहिले होते. मॅडम त्या दिवसांत जेवणाचा डबा तसाच परत नेत.

एका दुपारी त्या पडद्याकडे बघत बसल्या होत्या. एकदम म्हणाल्या, "ही मोकळी रांग मी कुठंतरी बघितल्या."

मग उठून शेजारच्या वर्गाच्या दारात गेल्या. मीही मागोमाग गेलो. आत दुसऱ्या सरांचा तास चालू होता. डाव्या बाजूला पोरं, उजव्या बाजूला पोरी, मध्ये जायची यायची वाट.

मॅडम उलट्या पावली बारा नंबरमध्ये आल्या. "मल्लू, व्हिडिओ लाव रं."

व्हिडिओ लावला. वर्गाचे दोन भाग करा असं आम्ही सांगितलं होतं, कसे करा ते सांगितलं नव्हतं. पोरं आपोआप एका बाजूला गेली होती, पोरी दुसऱ्या बाजूला. ते इतकं सवयीचं की गच्चीवरून मॅडमना दिसलं नव्हतं, शिट्टी वाजवताना मला दिसलं नव्हतं, आणि चार दिवस व्हिडिओ बघून मल्लूलाही दिसलं नव्हतं. दोन्ही फळ्या पुढे सरकत आल्या, आणि समोरासमोर आल्यावर मध्ये एक घर सोडून सगळी थांबली. पुढं पाऊल टाकलं असतं तर पोरगा पोरीच्या अगदी समोर आला असता.

"वैशाली," मॅडम म्हणाल्या, "तू पहिल्या रांगेत हुतीस. पुढचं घर मोकळं हुतं. का थांबलीस?"

वैशाली एकदम मागावरच्या आवाजात म्हणाली, "पुढं प्रवीण हुता की मॅडम!"

मी हसून खुर्चीवरून पडायचा बाकी होतो. मल्लू मात्र रडकुंडीला आला. "मॅडम, मी जे दिसलं तेच लिहिलं. समोरनं कोण आलं तर एक घर आधी थांबतात, असंच दिसलं मला."

"खरं तेच लिहिलंस रं," मॅडम म्हणाल्या. मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. "लई भारी चूक केल्यास. ही कुणाच्या जर्नलात मिळायची न्हाय."

दुसऱ्या दिवशी परत मैदान. मॅडमनी डबा आणला. डोळे झाकून एक दाणा घ्यायचा. चवळी आली तर डावीकडे, हरभरा आला तर उजवीकडे. दोन्ही बाजू मिसळल्या. शिट्टी. आता जिथं पोरगीसमोर पोरगी आली तिथली जागा भरली, जिथं पोरासमोर पोरगी आली तिथं भोक राहिलं. काठ असा दातेरी झाला की मल्लू ओरडला, "मॅडम, हुबेहूब फोटोसारखं!"

"दिसतंय म्हणजे हाय असं न्हाय," मॅडम गच्चीवरून ओरडल्या. "प्रवीणला घाबरून दातेरी झालंय ते!"

मग त्या खाली आल्या. हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं. पोरांच्या मध्ये उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ऐका. मल्लूच्या आईनं काय विचारलंय? थांबायचं कधी. पेशीला डोळे न्हाईत. समोर कोण हाय ते तिला लांबनं दिसत न्हाय. लागल्याशिवाय कळत न्हाय. मग तुम्हीबी लागल्यावर थांबायचं, लागायच्या आधी न्हाय. तळहात पुढं करा. समोरच्याची टाळी लागली की थांबायचं. टाळी लागेपर्यंत चालायचं."

शिट्टी वाजवली. पावलं पडली. पुन्हा तेच, पोरासमोर पोरगी आली तिथं भोक. मी दुसरी शिट्टी वाजवली, तिसरी वाजवली. आणि वैशालीनं डोळे गच्च मिटून एक पाऊल टाकलं आणि हात पुढे केला. समोरच्यानं काय करावं? त्यानं टाळी दिली. फट्ट. मग तिच्या शेजारची. मग पलीकडचा. टाळ्या एका बाजूनं सुरू झाल्या त्या वाजत वाजत दुसऱ्या टोकाला गेल्या, आणि जखम भरली. पोरं इतकी आरडाओरडा करू लागली की प्राचार्यांनी शिपायाला पाठवलं, कसल्या टाळ्या, कोण आलंय म्हणून. त्या दुपारी मला आमच्या कॉलेजचा फार अभिमान वाटला, आणि असं मला क्वचितच वाटतं.

नवे नियम लिहिले. कम्प्युटरवरचीही जखम भरली. फक्त फोटोतला शेवटचा तुकडा आमच्यापेक्षा उशिरा भरत होता, आणि तो का ते आम्हाला शेवटपर्यंत समजलं नाही. मॅडमनी सांगितलं, शेवटच्या पानावर तसंच लिहा: "हे आम्हाला कळलं नाही."

खरं भांडण झालं ते पहिल्या पानावरून. मॅडमचं म्हणणं, पहिल्या पानावर न भरलेली जखम दाखवायची. मल्लूचं म्हणणं, "मॅडम, हसतील ओ. तुमची खोली जाईल." खोलीची गोष्ट पोरांना कळली होती तर. मॅडम म्हणाल्या, "जी चूक उतरवली ती एवढी वर्षं सगळ्यांनी सही करून चालवली. जी आपण शोधली ती लपवायची व्हय? खोली गेली तर गेली. पहिल्या पानावर हीच."

धारवाडचे परीक्षक आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर सुटीच्या दिवशी बोलावल्याचा राग होता. बसल्या बसल्या त्यांनी पहिलं पान उघडलं आणि म्हणाले, "हे चुकलंय." प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी संजयच्या बेडकाकडे पाहिलं.

वैशाली उभी राहिली. "चुकलंय सर. पण प्रोग्रॅम चुकला न्हाय, आम्ही चुकलो," असं म्हणून तिनं प्रवीणसकट सगळी कथा सांगितली. परीक्षकांना मराठीचं एखादं वाक्य अडलं की तेच कन्नडमध्ये सांगत होती. घरात बापाला मागाच्या आवाजावर मात करून समजावलेलं असल्यामुळे तिला परीक्षकांची भीती उरली नव्हती. परीक्षक आधी मिशीत हसले, मग उघड. मग सावरून त्यांनी अवघड प्रश्न म्हणून विचारलं, "सगळ्या सरकतात, ठीक. पण थांबायचं हे त्यांना सांगतं कोण?"

वैशाली फळ्याकडे बोट करून म्हणाली, "सर, तो प्रश्न मल्लूच्या आईनं आधीच विचारलाय."

परीक्षक उठून फळ्यापाशी गेले. "पुसू नये" वाचलं. शेवटचं पान उघडून "हे आम्हाला कळलं नाही" हेही वाचलं. आणि प्राचार्यांना म्हणाले, "एवढ्या कॉलेजांत फिरलो, हे पान मला कुणी दाखवलं नव्हतं. ही खोली ठेवा."

प्राचार्य म्हणाले, "ठेवू की. पण मॅडम चालल्या. चालवणार कोण?"

"चौगुले सर हायत की," मॅडम म्हणाल्या.

मी दचकलो. "मॅडम, मला पेशीतलं काय कळतंय?"

"म्हणूनच. मला तरी कम्प्युटरातलं कुठं कळत हुतं? तुम्हाला कळेस्तवर पोरांनी सांगायचं." आणि तो स्टीलचा डबा त्यांनी माझ्या पुढ्यात सरकवला. त्या क्षणी मला नाही म्हणता आलं नाही, आणि खरं म्हणजे म्हणायचंही नव्हतं.

मॅडम निवृत्त झाल्या. परत कॉलेजात आल्या नाहीत. फोन केला तर म्हणत, "आता मी नाक्याच्या पलीकडची. तुमचं तुम्ही बघा." पावसाळा सरल्यावर मैदान वाळलं, तेव्हा मी नवीन पोरांना घेऊन उतरलो. फक्की, शिट्टी, डबा, सगळं तसंच. पोरं सरकत आली, टाळ्या सुरू झाल्या. मी मान खाली घालून वहीत लिहीत होतो, तेवढ्यात कंपाउंडच्या भिंतीपलीकडून आवाज आला.

"चौगुले सर! एक टाळी राहिली! डावीकडनं तिसरी!"

मी वर पाहिलं. डावीकडून तिसऱ्या जोडीत खरंच एक घर मोकळं होतं. दोघं एकमेकांकडे बघत उभी होती. पोरगी लाजली, एक पाऊल पुढे आली आणि टाळी दिली. बाहेरचा रस्ता उंचावर, त्यामुळे भिंतीच्या वर नुसतं हेल्मेट दिसत होतं. स्कूटी थांबवून, कान देऊन त्या एका टोकाकडून ओळीनं टाळ्या मोजत असणार.

मग हेल्मेटच्या शेजारी एक तळहात वर आला.

मी शिट्टी खिशात घातली, फक्कीच्या रेषा तुडवत सगळं मैदान ओलांडलं, भिंतीपाशी गेलो, टाचा उंचावल्या आणि टाळी दिली. त्यांचा हात खरखरीत होता, नखांत हिंडलग्याची माती होती.

"लागली," मॅडम म्हणाल्या. "आता जावा माघारी. पोरं उभी हायत."

स्कूटी सुरू झाली आणि हेल्मेट भिंतीवरून सरकत सरकत हिंडलग्याच्या बाजूला गेलं. मी परत फिरलो तेव्हा लक्षात आलं, भिंतीवर माझ्यासाठी मेथीची एक जुडी ठेवलेली होती.